समजून घ्या : व्हिक्टोरिया राणीने भारत ९९ वर्षांच्या लीजवर दिला होता का? उत्तर राणीच्या आयुष्यातच आहे

डिजिटल डेस्क, तुमसर : प्रतिज्ञापत्र असो की शेताचा करारनामा, स्टॅम्पपेपर हातात घेतला की वर इंग्रजीत इंडिया नॉन ज्युडिशियल असे छापलेले दिसते. याच तीन शब्दांवर बोट ठेवून एक दावा अनेक वर्षांपासून गावोगावी आणि आता मोबाइलवर फिरतो आहे. व्हिक्टोरिया राणीने हा देश ९९ वर्षांच्या लीजवर दिला होता, ती लीज १९६९ मध्ये संपली, त्यामुळे आजचे सरकार, कोर्ट, मतदार यादी आणि आधार यांपैकी काहीच आपल्याला लागू होत नाही, असा तो दावा. कोणी त्यात समुद्री कायदा जोडतो, कोणी इंग्लंडचा कॉमन लॉ, तर कोणी आपण नागरिक नसून देशाचे मालक आहोत असे सांगतो.

ऐकायला हे गमतीशीर वाटेल. पण त्यावर विश्वास ठेवून रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि जमिनीचे कागद नाकारणारी माणसे खरोखर आहेत. म्हणून ज्या राणीच्या नावावर हे सगळे सांगितले जाते तिचे आयुष्य एकदा नीट पाहू. तिने काय केले, कशावर सही केली आणि काय करणे तिच्या हातातच नव्हते, हे कळले की दाव्याचा निकाल आपोआप लागतो.

दावा आला कुठून?

गुजरातच्या तापी जिल्ह्यात व्यारा भागातील कटासवाण हे गाव सतीपती पंथाचे केंद्र मानले जाते. कुंवर केशरीसिंह हे या पंथाचे प्रवर्तक. पंथाचे लोक स्वतःला एसी भारत सरकार या नावाने ओळखतात. आदिवासी हेच भूमीचे मूळ मालक आहेत आणि बाकीचे सरकार लीजवर आलेले आहे, ही त्यांची मांडणी. सीमेला लागून असलेल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्यातही या पंथाचे अनुयायी आहेत.

२०१७-१८ मध्ये झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात पत्थलगडीचे आंदोलन झाले, तेव्हा याच कल्पना तिथेही दिसल्या. दगडी शिळा उभारणे ही मुंडा समाजाची जुनी परंपरा आहे. अनेक शिळांवर राज्यघटनेतील आणि पेसा कायद्यातील तरतुदी लिहिल्या होत्या. मात्र त्यासोबत घटनेच्या कलमांचे भलतेच अर्थही लिहिले गेले. शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नव्या राज्य सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला.

आता राणीकडे वळू.

वयाच्या १८व्या वर्षी राणी, पण सत्ता कोणाची?

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. ती आठ महिन्यांची असतानाच वडील वारले. आईने तिला इतक्या कडक पहाऱ्यात वाढवले की राणी होईपर्यंत तिला झोपायलाही स्वतंत्र खोली नव्हती. २० जून १८३७ रोजी पहाटे तिला उठवून काका चौथे विल्यम वारल्याची बातमी देण्यात आली. १८ वर्षांची ती मुलगी त्या क्षणी ब्रिटनची राणी झाली.

पण राणी होणे आणि मालक होणे यात फरक आहे. ब्रिटनमध्ये तोवर कायदा करण्याचा, कर बसवण्याचा आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकार संसदेकडे गेलेला होता. राणी सही करायची, मजकूर मंत्री ठरवायचे.

हे तिला लवकरच कळले. १८३९ मध्ये रॉबर्ट पील यांनी सरकार बनवण्यासाठी अट घातली की राणीने आपल्या महालातील काही मानकरी स्त्रिया बदलाव्यात. तिने नकार दिला आणि पील यांनी माघार घेतली. त्या वेळी ती जिंकली. पण दोन वर्षांनी निवडणुकीत पील यांच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि नको असतानाही तिला त्यांनाच पंतप्रधान म्हणून स्वीकारावे लागले. आपल्या महालातील मदतनिसांसाठी जिला पंतप्रधानांशी वाद घालावा लागला, ती एका मोठ्या देशाची लीज स्वतःच्या मर्जीने कुणाला लिहून देईल, हे शक्यच नव्हते.

१० फेब्रुवारी १८४० रोजी तिचे लग्न अल्बर्टशी झाले. त्यांना नऊ मुले झाली. १८६१ च्या डिसेंबरमध्ये अल्बर्ट गेला आणि त्यानंतर जवळपास ४० वर्षे तिने काळे कपडे सोडले नाहीत. आपल्या जुन्या नाण्यांवर तिचा तरुणपणाचा चेहरा आहे, पण राज्यकारभाराचा मोठा काळ तिने विधवा म्हणून काढला.

तेव्हा भंडारा कोणाचा होता?

व्हिक्टोरिया राणी झाली तेव्हा भंडारा आणि तुमसरचा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक वारस मान्य केला नाही आणि राज्य खालसा केले. हा निर्णय ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा होता.

इथेच दाव्याला पहिला तडा जातो. लीज द्यायची तर देणारा, घेणारा, मुदत, भाडे आणि सही हे सगळे लागते. तुमसर तालुक्याला हे शिकवावे लागत नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी मायनिंग लीजवरच चालतात. क्षेत्र किती, खनिज कोणते, मुदत कधी संपते, रॉयल्टी किती, हे सगळे त्या कागदात असते. नागपूरचे राज्य गेले ते अशा कोणत्याही करारावर नाही. वारस नाकारून ते काढून घेण्यात आले. तो सरळ अन्याय होता, आणि काढून घेतलेल्या गोष्टीला भाडेपट्टा म्हणणे हे त्या अन्यायाला सौम्य नाव देण्यासारखे आहे.

१८५८ : कंपनी गेली, राणी आली

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने कंपनीकडून भारताचा कारभार काढून घेतला. २ ऑगस्ट १८५८ रोजी गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट मंजूर झाला. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला. देशातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा राणीला रुक्ष वाटला होता. इतक्या रक्तपातानंतर लोकांशी बोलताना त्यात उदारपणा आणि धर्माबाबत सहिष्णुता दिसली पाहिजे, असा आग्रह तिने धरला. त्याप्रमाणे मजकूर बदलला. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, जात-धर्म न पाहता पात्र माणसाला सरकारी नोकरी मिळेल, संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, अशी आश्वासने त्यात आली. पुढे दादाभाई नौरोजींसारख्या नेत्यांनी हीच आश्वासने इंग्रजांसमोर पुन्हा पुन्हा ठेवली, कारण ती पाळली जात नव्हती.

पण त्या जाहीरनाम्यात मुदत नाही. ९९ वर्षे नाहीत, भाडे नाही, परत करण्याची अट नाही. तो सत्ता हाती घेतल्याचा जाहीरनामा होता.

स्टॅम्पपेपरवरचे ते तीन शब्द

यानंतर कागदांचे राज्य सुरू झाले. १८६० मध्ये भारतीय दंड संहिता तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि भंडारा त्याचा जिल्हा झाला. १८६२ मध्ये राणीच्या सनदेने मुंबईचे हायकोर्ट सुरू झाले. १८७० मध्ये कोर्ट फी कायदा आला. १८७२ मध्ये पुरावा कायदा आणि करार कायदा आला. १८९९ मध्ये स्टॅम्प कायदा आला.

आता नॉन ज्युडिशियलचे गूढ उकलते. सरकारचे स्टॅम्प दोन प्रकारचे असतात. कोर्टात दावा किंवा अर्ज दाखल करताना जी फी भरावी लागते, त्यासाठीचा स्टॅम्प ज्युडिशियल, म्हणजे न्यायालयीन. खरेदीखत, भाडेकरार, मुखत्यारपत्र अशा व्यवहारांच्या कागदांसाठीचा स्टॅम्प नॉन ज्युडिशियल, म्हणजे न्यायालयीन फीचा नसलेला. महाराष्ट्रात आज दोन्हींसाठी वेगवेगळे कायदे आहेत : कोर्ट फीसाठी १९५९ चा आणि स्टॅम्पसाठी १९५८ चा.

म्हणजे ते शब्द पैसा कोणत्या खात्यात जातो ते सांगतात. देशात न्यायव्यवस्था नाही किंवा सरकार बेकायदा आहे, असा त्यांचा अर्थ होत नाही. रेल्वेच्या डब्यावर अनारक्षित लिहिले म्हणून ती गाडी रेल्वेची नाही असे होत नाही, तसेच हे.

कॉमन लॉ म्हणजे नेमके काय?

परदेशात असे दावे करणारे गट सांगतात की त्यांच्यावर फक्त कॉमन लॉ चालतो आणि संसदेचे कायदे त्यांच्या संमतीशिवाय लागू होत नाहीत. कॉमन लॉ म्हणजे इंग्लंडमध्ये न्यायाधीशांच्या निकालांतून शतकानुशतके तयार झालेला कायदा. पण खुद्द इंग्लंडमध्ये संसदेचा कायदा त्याच्या वर चालतो. व्हिक्टोरियाच्या काळातही तो वरच होता.

आपल्याकडे तो जसाच्या तसा आलाच नाही. मध्य प्रांतासाठी १८७५ मध्ये वेगळा कायदा झाला. वारसा, लग्न अशा बाबतीत हिंदू किंवा मुस्लिम कायदा पाहावा आणि जिथे कोणताच नियम नसेल तिथे न्याय, समता आणि सद्विवेक यांना धरून निकाल द्यावा, असे त्यात ठरले. भंडाऱ्याच्या कोर्टात दीडशे वर्षांपूर्वी चालणारा कायदा तो हा.

संमतीचा मुद्दा तर त्याहून साधा आहे. २०१२ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या कोर्टाने मीड्स विरुद्ध मीड्स या घटस्फोटाच्या खटल्यात अशा सगळ्या दाव्यांचा तपशीलवार समाचार घेतला. हे दावे कुठेच टिकलेले नाहीत आणि ते शिकवणारे लोक पैसे घेऊन इतरांना अडचणीत आणतात, असा त्या निकालाचा आशय होता. आपले म्हणणे मान्य नसेल तर कायदा लागू नाही, अशी सोय जगात कुठेच नाही.

राणीची खरी जखम : जंगल

मग लोक विश्वास का ठेवतात? कारण दाव्यामागचे दुःख खरे आहे, आणि त्याची सुरुवातही व्हिक्टोरियाच्याच काळात झाली.

१८६४ मध्ये इंग्रजांनी वनखाते उभे केले. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक कायदा आला. जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वाटणी झाली. पिढ्यानपिढ्या ज्या जंगलात लोक लाकूडफाटा, मोहफूल, तेंदूपान गोळा करत होते तिथे ते एका सहीने चोर ठरू लागले. रेल्वेला स्लीपर हवे होते. नागपूरहून पूर्वेकडे निघालेली नागपूर-छत्तीसगड लाइन १८८० च्या दशकात आपल्याच भागातून गेली, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली. आजचे तुमसर रोड स्टेशन याच मार्गावर आहे.

राणीने हे जंगल पाहिले नाही. ती भारतात एकदाही आली नाही. पण कायदे तिच्या नावाने निघाले. ज्या घराने जंगल गमावले, त्या घराला सरकारचा कागद म्हणजे फसवणूक वाटली तर नवल नाही.

भारताची सम्राज्ञी आणि दुष्काळ

१८७६ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने कायदा करून राणीला भारताची सम्राज्ञी हा किताब दिला. लक्षात घ्या, किताबासाठीसुद्धा संसदेचा कायदा लागला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवला. त्याच दिवशी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात कापड गिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस हे नाव दिले. नाण्यांवरही राणीच्या जागी सम्राज्ञी आली. आपल्याकडे जुन्या घरांत जपलेला राणीछाप रुपया उलटून पाहिला तर हा बदल दिसतो.

दरबार झगमगत असताना दख्खनेत आणि मद्रास प्रांतात लाखो लोक दुष्काळात मरत होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतालाही भीषण दुष्काळाने गाठले.

१८८७ मध्ये राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला अब्दुल करीम हा भारतीय सेवक तिच्याकडे आला. साठी उलटलेली राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी शिकली आणि कित्येक वर्षे रोज थोडे त्या भाषेत लिहित राहिली. भारताबद्दल तिला कुतूहल होते, जिव्हाळाही होता. पण कुतूहलाने राज्य चालत नाही. २२ जून १८९७ रोजी हीरकमहोत्सवाच्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेगच्या काळातील जुलमाचा सूड म्हणून रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. राणीच्या उत्सवाकडे महाराष्ट्र कसा पाहत होता, ते त्या रात्रीने सांगितले.

समुद्री कायदा तुमसरला लागू होतो का?

परदेशी व्हिडिओंतून आलेला आणखी एक दावा असा की सगळी कोर्टे ही समुद्री कायद्याची कोर्टे आहेत. जन्मदाखला म्हणजे जहाजाचा दाखला, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले तुमचे नाव म्हणजे तुम्ही नसून एक कंपनी. याचा आधार म्हणून इंग्रजीत जन्म आणि जहाज लावायची जागा या दोन्हींना बर्थ म्हणतात, हे दाखवले जाते. मराठीत जन्म तो जन्म आणि धक्का तो धक्का. भाषा बदलली की संपणारा नियम हा कायदा नसतो, ती शब्दांवरची कोटी असते.

खरा समुद्री कायदा मात्र आहे, आणि तोही राणीच्या काळातला. १८९० मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींतील सागरी न्यायालयांचा कायदा केला. १८९१ मध्ये भारतात त्यासाठी कायदा होऊन मुंबई, कलकत्ता आणि मद्रास हायकोर्टांना तो अधिकार मिळाला. जहाजांची टक्कर, मालाचे नुकसान, खलाशांचा थकलेला पगार, बुडत्या जहाजाची सुटका, असे त्याचे विषय. वसुलीसाठी जहाजच अटक करता येते. हे जुने कायदे स्वतंत्र भारतातही २०१७ पर्यंत चालले. मग संसदेने नवा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला.

या नव्या कायद्यात नदी-कालव्यांत चालणाऱ्या यांत्रिक बोटीसुद्धा येत नाहीत, केंद्राने मुद्दाम अधिसूचना काढली तर गोष्ट वेगळी. म्हणजे वैनगंगेतली मोटरबोटही सहसा त्यातून बाहेर. तिथे तुमसरमधला शेतीचा वाद किंवा चेक बाउन्सचा खटला समुद्री कायद्याने चालतो, असे म्हणायला जागाच उरत नाही.

९९ वर्षांची लीज खरोखर होती, पण कुठे?

व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत ९९ वर्षांची एक लीज खरोखर झाली. ९ जून १८९८ रोजी पेकिंगमध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात करार झाला आणि हाँगकाँगला लागून असलेला न्यू टेरिटरीज हा प्रदेश ब्रिटनने १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांसाठी घेतला. इथे ब्रिटन देणारा नव्हता, घेणारा होता. करारात तारीख होती, नकाशा होता, सह्या होत्या. मुदत ३० जून १९९७ रोजी संपली आणि त्या रात्री हाँगकाँग चीनकडे गेले. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिले.

खरी लीज अशी असते. ती लपून राहत नाही. भारताची लीज असती तर १९६९ मध्ये कोणीतरी कागद पुढे केला असता. असा कागद आजवर कोणी दाखवलेला नाही.

राणी गेली, मग तिची सत्ता कशी संपली?

२२ जानेवारी १९०१ रोजी आइल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाऊसमध्ये वयाच्या ८१व्या वर्षी व्हिक्टोरियाचे निधन झाले. तिने ६३ वर्षे राज्य केले. तिला अल्बर्टशेजारी फ्रॉगमोर येथे पुरण्यात आले. भारताची सत्ता मुलाकडे, मग नातवाकडे आणि पुढे पणतवांकडे गेली. तिचा पणतू सहावा जॉर्ज सम्राट असताना ती संपली.

हा शेवटही कागदावरच झाला. १८ जुलै १९४७ रोजी ब्रिटिश संसदेने भारतीय स्वातंत्र्य कायदा मंजूर केला. त्यातच सम्राट हा किताब सोडण्याची तरतूद होती. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली आणि तिच्या ३९५ व्या कलमाने तो १९४७ चा ब्रिटिश कायदा आणि १९३५ चा कायदा, दोन्ही रद्द करून टाकले. ब्रिटिश संसदेने दिलेल्या कायद्यावरही आपण अवलंबून राहिलो नाही. आपण राष्ट्रकुलात आहोत हे खरे. पण १९४९ मध्ये लंडनला ठरले ते इतकेच की राष्ट्रकुलाचे प्रतीक म्हणून ब्रिटनच्या राजाला मानायचे. भारतावर त्याची सत्ता नाही.

त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये आपल्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. ज्यांनी घटना घडवली त्यांनाही भंडाऱ्याच्या मतदाराकडे यावे लागले. सत्तेचा उगम कुठे गेला, ते यातून कळते. तो राणीकडून मतदाराकडे आला होता.

मग राणीचे कायदे इतकी वर्षे का चालले?

दाव्यातला अर्धा खरा भाग हाच आहे. घटनेचे ३७२ वे कलम सांगते की आधीचे कायदे बदलले किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतील. मोबाइलचे नवे सॉफ्टवेअर आले तरी जुने ॲप लगेच बंद पडत नाहीत, अपडेट होईपर्यंत चालतात, तसे हे. पण फोनचा मालक बदललेला असतो. कोणता ॲप ठेवायचा ते आता तो ठरवतो.

म्हणूनच १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी वापरला गेला. १८६० ची दंड संहिता १ जुलै २०२४ पर्यंत चालली आणि मग भारतीय न्याय संहितेने तिची जागा घेतली. १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे. हे कायदे आपल्या संसदेने ठेवले म्हणून राहिले आणि काढले तेव्हा गेले.

मी नागरिकच नाही, असे म्हटले तर?

व्हिक्टोरियाच्या राज्यात भंडाऱ्यात जन्मलेला प्रत्येक जण तिची प्रजा होता. कुणी विचारले नव्हते, कुणी सही घेतली नव्हती. १९५० नंतर प्रजेचा नागरिक झाला. घटनेची ५ ते ११ ही कलमे आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा हे ठरवतात. नागरिकत्व सोडायचे असेल तर ठरलेल्या अधिकाऱ्याकडे तशी घोषणा नोंदवावी लागते. स्टॅम्पपेपरवर स्वतः लिहून ते सुटत नाही.

आणि सुटले तरी फायदा शून्य. इथे फिरायला आलेल्या परदेशी माणसालाही इथला फौजदारी कायदा लागू होतो.

पत्थलगडीच्या शिळांवर घटनेचे १३ वे कलम लिहून रूढी हाच सर्वोच्च कायदा असे सांगितले गेले. प्रत्यक्षात त्या कलमात रूढीलाही कायदा म्हटले आहे ते वेगळ्या कारणासाठी. कायदा असो की रूढी, मूलभूत हक्कांच्या आड आली तर ती चालणार नाही, असे ते कलम म्हणते.

नुकसान कोणाचे होते?

कागद नाकारले तर सरकारचे काही बिघडत नाही, घराचे बिघडते. आधारभूत केंद्रावर धान विकायला सातबारा, आधार आणि बँक पासबुक लागते. रेशनकार्ड नसेल तर धान्य नाही. यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीतही मत नाही. वाद टोकाला गेला तर काय होते, तेही दिसले आहे. जानेवारी २०२० मध्ये झारखंडच्या पश्चिम सिंहभूम जिल्ह्यातील बुरुगुलीकेरा गावात सात ग्रामस्थांची हत्या झाली. सरकारी योजना आणि कागद घ्यायचे की नाही, या गावातल्या वादाशी त्या वेळच्या बातम्यांनी ही घटना जोडली होती.

सर्वांत मोठे नुकसान असे की खोट्या पट्ट्याच्या मागे लागून खरा पट्टा हातचा जातो. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी आणि जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या इतर लोकांवर इतिहासात अन्याय झाला हे आपल्या प्रस्तावनेतच मान्य करतो. भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा इथे लागू होत नाही. पण वनहक्क कायदा लागू आहे. दावा ग्रामसभेत करायचा असतो. पुढे उपविभागीय आणि जिल्हा समिती त्यावर निर्णय घेते. दावा फेटाळला तर अपील करता येते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने हाच मार्ग घेतला. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. हातातून गेलेल्या जंगलावरचा हक्क ग्रामसभेच्या मार्गाने परत आला. त्यासाठी गावाला सरकार नाकारावे लागले नाही. सरकारच्याच कायद्यावर बोट ठेवून त्याने आपला हक्क मागितला.

असा मेसेज आला तर काय पाहावे?

पहिले, ज्या कराराची गोष्ट आहे त्याची तारीख, दोन्ही पक्ष आणि प्रत मागा. दुसरे, घटनेचे कलम सांगितले असेल तर ते पूर्ण वाचा. राज्यघटना मराठीत मोफत उपलब्ध आहे. तिसरे, कोणी पैसे घेऊन कर्जमुक्तीचा, नागरिकत्वमुक्तीचा किंवा मालकीचा दाखला देत असेल तर सही करण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

व्हिक्टोरिया राणीने या देशाकडून बरेच काही घेतले. तिच्या नावाने राज्ये गेली, जंगले गेली. पण लीज तिने दिली नाही, आणि तशी ती देऊही शकली नसती. जे तिच्या नावाने गेले ते परत मिळवण्याचा कागद तिच्या कपाटात शोधून सापडणार नाही. तो आपल्या ग्रामसभेच्या ठरावांच्या रजिस्टरमध्ये तयार होतो.